बॉक्स अंतर मोजतो म्हणजे नेमकं काय? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात घरोघरी आलेल्या फायबरबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेते. त्यातल्या तिघांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या टोकांनी विचारली आहे: फायबरचं जाळं आपलं आपण जुळवून घेतं म्हणजे काय करतं, आणि त्यावर किती विसंबायचं. माझी तीस वर्षं टेलिफोनच्या ट्रान्समिशन विभागात गेली, त्यातली निम्म्याहून जास्त सातारा, कराड, चिपळूण याच पट्ट्यात. त्यामुळे दाखले त्या भागातलेच येतील.

प्रश्न : आमच्याकडे फायबरचं कनेक्शन घेऊन दीड वर्ष झालं. वीज जाऊन आली की बॉक्सवरचा ‘पॉन’चा, म्हणजे फायबरच्या जोडणीचा, हिरवा दिवा आधी बराच वेळ लुकलुकतो, मग स्थिर होतो. जोडणीला आलेल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “काकू, तो अंतर मोजतोय.” घर काही जागचं हललेलं नाही, मग दर वेळी अंतर कशाला मोजायचं? की माझी समजूत काढायला त्याने काहीतरी सांगितलं?
— निवृत्त शिक्षिका, कराड

बाई, त्या मुलाने तुम्हाला खरं तेच सांगितलं. फरक इतकाच, की अंतर तुमचा बॉक्स मोजत नाही. तिकडे एक्सचेंजमध्ये बसलेलं यंत्र तुमच्या बॉक्सपर्यंतचं अंतर मोजतं. बॉक्स फक्त हाकेला ओ देतो.

तुमच्या घरातून निघालेली ती बारीक वायर एकटी एक्सचेंजपर्यंत जात नाही. गल्लीतल्या खांबावर किंवा भिंतीवरच्या पेटीत स्प्लिटर नावाची एक लहानशी वस्तू असते. तिला वीज लागत नाही, तिच्यात हलणारं काही नसतं. एका तंतूतला प्रकाश ती ३२ तंतूंत वाटून देते, काही ठिकाणी ६४. म्हणजे तुमच्यासकट ३२ घरं तिथून पुढे एकाच तंतूवर आहेत. एक्सचेंजमधल्या यंत्राला ओएलटी म्हणतात आणि तुमच्याकडच्या बॉक्सला ओएनटी.

तिकडून इकडे येताना काही अडचण नाही. ओएलटी १४९० नॅनोमीटरच्या (हे प्रकाशाच्या लहरीच्या लांबीचं माप) प्रकाशावर सारखं बोलत असतं, ते बत्तीसही घरांत पोचतं, आणि प्रत्येक बॉक्स आपल्या नावाचं तेवढं उचलतो. मजकूर सहसा कुलूप लावून पाठवलेला असतो, त्यामुळे शेजारच्यांचं वाचता येत नाही.

अडचण परतीच्या वाटेवर आहे. घरांकडून जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटरचा, आणि तो बत्तिसांचाही सारखाच. दोन घरांचा प्रकाश एकाच क्षणी त्या सामाईक तंतूत शिरला तर दोघांचंही बोलणं वाया जातं. म्हणून ओएलटी पाळ्या लावून देतं. एक बोलून थांबला की दुसऱ्याने सुरू करायचं. या वाटेवरून सेकंदाला जवळपास १२५ कोटी बिट जातात, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये मोकळी जागा ठेवलेली असते ३२ बिटांची. म्हणजे सुमारे २६ नॅनोसेकंद. सेकंदाचे एक अब्ज तुकडे करा आणि त्यातले २६ घ्या.

आता अंतराकडे येऊ. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद (सेकंदाच्या दहा लाख तुकड्यांतले ५). समजा एक घर एक्सचेंजपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि दुसरं १२ किलोमीटरवर मळ्यात. पहिल्या घराला ‘बोल’ म्हटल्यापासून त्याचा आवाज परत यायला ५ मायक्रोसेकंद लागतात आणि दुसऱ्याला १२०. फरक ११५ मायक्रोसेकंदांचा. तेवढ्या वेळात या वाटेवरून सुमारे १,४३,००० बिट निघून जातात. चूक ३२ बिटांच्या आत ठेवायची आहे आणि समोर फरक आहे लाखांतला.

तुमच्याकडच्या दूध संकलन केंद्रासारखं हे आहे. समजा केंद्रावर काटा एकच आहे, दूध घालणारे ३२ आहेत, आणि दारात रांग लावायला वीतभरही जागा नाही. दोघे एकदम आले तर दूध सांडणारच. मग उपाय एकच. केंद्राच्या शेजारी राहणाऱ्याला सांगायचं, ‘तुला हाक ऐकू आली तरी लगेच निघू नकोस, एवढा वेळ थांब.’ लांबच्या वस्तीवरच्याला सांगायचं, ‘तू ऐकलंस की नीघ.’ थांबण्याच्या वेळा नीट ठरवून दिल्या तर केंद्राच्या दृष्टीने सगळे एकाच अंतरावर राहायला आल्यासारखे होतात. ओएलटी हेच करतं. प्रत्येक बॉक्सला त्याच्यापुरता थांबण्याचा आकडा देतं आणि बत्तीसही घरांना जणू एकाच लांबच्या गावी, साधारण २० किलोमीटरवर, नेऊन बसवतं.

तो आकडा काढण्याची पद्धत मला अजूनही फार देखणी वाटते. ओएलटी अधूनमधून चालू बॉक्सना क्षणभर गप्प करतं, सुमारे २५० मायक्रोसेकंद, आणि विचारतं, नवीन कोणी आलंय का? तुमचा नुकताच जागा झालेला बॉक्स आपला अनुक्रमांक सांगतो. पण वीज अख्ख्या गल्लीत एकदम येते, तेव्हा तीसेक बॉक्स एकदमच ओ देणार. म्हणून प्रत्येक बॉक्स उत्तर देण्याआधी आपल्या मनाने थोडा थांबतो, जास्तीत जास्त ४८ मायक्रोसेकंद आणि दर वेळी वेगळा. तरीही दोघांची टक्कर झालीच, तर पुढच्या शांततेत पुन्हा. अनुक्रमांक पोचला की ओएलटी त्या बॉक्सला एक नंबर देतं, परत शांतता करतं, त्या एकट्यालाच हाक मारतं आणि उत्तर यायला लागलेला वेळ मोजून थांबण्याचा आकडा कळवतं. या कामाला रेंजिंग म्हणतात. आकडा मिळाला की बॉक्सला पाळीत जागा मिळते. तुमच्या लुकलुकण्यातला बराचसा वेळ मात्र बॉक्सला स्वतःचं सॉफ्टवेअर उठवायला लागतो. रेंजिंग त्या मानाने झटपट उरकतं.

आता तुमचा खरा प्रश्न : घर हललेलं नाही, मग दर वेळी का? घर हललं नसेल, पण वाट बदललेली असू शकते. मधल्या काळात जेसीबीने रस्त्यातली केबल तोडली आणि जोडताना ५० मीटरचं नवं वेटोळं टाकलं, असं आपल्याकडे वरचेवर होतं. त्या ५० मीटरने जाऊन येऊन अर्ध्या मायक्रोसेकंदाचा फरक पडतो, म्हणजे सहाशेहून जास्त बिटांचा. कालचा आकडा आज वापरला तर तुमचा बॉक्स शेजाऱ्यांच्या पाळीत घुसेल.

वाट तीच असली तरी काच तशीच राहत नाही. उन्हाने फायबर तापली की तिच्यातून जायला प्रकाशाला किंचित जास्त वेळ लागतो: एका किलोमीटरला, एका अंशाला, सुमारे ४० पिकोसेकंद (हजार पिकोसेकंद म्हणजे एक नॅनोसेकंद). खांबावरून गेलेली १० किलोमीटरची केबल पहाटेपासून दुपारपर्यंत २० अंशांनी तापली, तर जाऊन येऊन १६ नॅनोसेकंदांचा फरक होतो. म्हणजे २० बिट, आणि मोकळी जागा आहे ३२ची. म्हणून तुमचा दिवा स्थिर झाल्यावरही ओएलटी स्वस्थ बसत नाही. तुमचं प्रत्येक बोलणं ठरल्या क्षणी आलं का, हे ते पाहत राहतं आणि सरकायला लागलं की आकडा हळूच दुरुस्त करून पाठवतं. चैत्रातल्या दुपारी तुम्ही नातवंडांशी व्हिडिओवर बोलत असाल, तेव्हा हे चाललेलं असतं.

प्रश्न : आठवीतला मुलगा बॉक्सची फायबर काढून तिच्यात डोळा लावून बघतो आणि म्हणतो, काही दिसत नाही, म्हणजे लाईट बंद आहे. डोळ्याला धोका आहे का?
— गृहिणी, रत्नागिरी

त्याला आजच थांबवा. दिसत नाही म्हणजे प्रकाश नाही, असं नाही. या सगळ्या लहरी माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या आहेत. घरापर्यंत पोचलेला प्रकाश फार क्षीण असतो, एका मिलिवॉटचा पन्नासावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. शिवाय एक्सचेंजची हाक ऐकू येईनाशी झाली की घरचा बॉक्स स्वतःहून बोलणं थांबवतो, त्यामुळे वायर काढल्यावर बॉक्समधूनही काही येत नाही. तेव्हा आजवर बघितलं त्याबद्दल घाबरू नका. पण ही सवय पुढे एखाद्या मोठ्या केबलपाशी गेली तर घात होईल. शहराशहरांना जोडणाऱ्या मार्गांवर प्रकाश वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून १०० मिलिवॉट आणि त्याहूनही जास्त प्रकाश निघतो. तिथे केबल तुटली की यंत्रं आपोआप ताकद उतरवतात, ते दुरुस्तीला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठीच.

प्रकाशापेक्षा घरातला मोठा धोका काचेचा आहे. फायबर तुटली तर तिचं सव्वाशे मायक्रॉनचं कुसळ बोटात शिरतं आणि शोधून सापडत नाही. तुटका तुकडा चिकटपट्टीवर चिकटवून, पट्टी दुमडून कचऱ्यात टाका. हाताने झटकू नका.

प्रश्न : आम्ही चौघांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला लांब पल्ल्याच्या फायबरवरचे ॲम्प्लिफायर आपोआप जुळवण्याचा विषय घेतला आहे. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक टप्प्याचा लॉस (वाटेत गळालेला प्रकाश) मोजायचा आणि तेवढाच गेन (वाढ) लावायचा, की झालं. सर म्हणतात, “एवढंच असेल तर प्रोजेक्ट कशाला हवा?” यात अवघड काय आहे?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

तुमच्या सरांनी बोट अगदी नेमक्या जागी ठेवलं आहे. मोजलं तेवढं भरून काढलं, हे उत्तर बरोबर आहे आणि त्यातच फसगत आहे. मी स्वतः त्यात फसले आहे. ते पुढे सांगते.

आपल्या देशात टेलिफोन एक्सचेंजांना जोडणारी पहिली फायबर १९७९ मध्ये पुण्यात पडली. मी नोकरीला लागले तोवर ती गावोगाव पोचायला लागली होती, पण जुळवणी सगळी हाताची. एका टोकाला मी, पलीकडच्या स्टेशनवर सहकारी, दोघांच्या कानाला ऑर्डर वायरचा, म्हणजे दोन स्टेशनांमध्ये कामापुरतं बोलायचा, फोन. तो पॉवर मीटर लावून आकडा ओरडणार, “उणे एकवीस पॉइंट चार!” प्रकाश जास्त येत असेल तर मध्ये तो कमी करणारा पाच किंवा दहा डीबीचा ॲटेन्युएटर घालायचा (डीबी म्हणजे प्रकाश किती पट घटला-वाढला याचं माप). कमी असेल तर कनेक्टर काढून पुसायचा, परत लावायचा, परत मोजायचं. शेवटचा आकडा तारखेसह रजिस्टरमध्ये. एका टप्प्याला अर्धा दिवस सहज जायचा.

आता एका तंतूवर ८०-९६ वेगवेगळ्या लहरी एकदम जातात. १५५० नॅनोमीटरच्या आसपास काच किलोमीटरला सुमारे ०.२ डीबी खाते. ८० किलोमीटरच्या टप्प्यात १६ डीबी तिथेच गेले. जॉइंट आणि कनेक्टर धरून १९ डीबी समजा. म्हणजे निघालेल्या ८० भागांतला १ भाग पोचतो. तो परत वाढवायला अर्बियम मिसळलेल्या फायबरचा ॲम्प्लिफायर. १९८७ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने तो दाखवला आणि प्रकाशाची वीज, विजेचा परत प्रकाश, ही दर टप्प्यावरची उठाठेव संपली.

आपोआप मोजणी होते ती अशी. मुख्य लहरींच्या बाजूने, १५१० नॅनोमीटरवर, एक छोटी देखरेखीची वाहिनी सोडलेली असते. ती पलीकडे जाऊन सांगते, ‘मी इतक्या ताकदीने निघाले होते.’ पलीकडचं यंत्र मिळालेली ताकद मोजतं, वजाबाकी करतं, १५१० आणि १५५० यांच्यात काचेच्या खाण्याचा जो थोडा फरक आहे तो जमेस धरतं आणि तेवढा गेन लावतं. आम्ही फोनवर ओरडून करायचो तेच, पण दिवसरात्र. इथवर तुमचं सिम्युलेशन पोचलं आहे.

पुढच्या गोष्टी तुमच्या गणितात आहेत का बघा. दहा ॲम्प्लिफायर एका रांगेत असताना सगळ्यांनी एकदम जुळवायला घेतलं, तर पहिल्याने वाढवलं म्हणून दुसरा कमी करतो, तेवढ्यात पहिला परत बदलतो, आणि सगळी रांग हेलकावे खाते. म्हणून उगमाकडून सुरुवात करून एकाचं स्थिर झाल्यावर दुसऱ्याने हात घालायचा असतो. दुसरं म्हणजे सगळ्या लहरी सारख्या वाढत नाहीत. शिवाय जोरदार प्रकाश एकत्र जाताना छोट्या लहरी आपली ताकद मोठ्या लहरींना देऊन बसतात, त्यामुळे लहरींच्या ताकदींच्या ओळीला उतार पडतो. तो मध्येमध्ये प्रत्येक लहर वेगळी तोलून सपाट करावा लागतो. आणि कुठे केबल तुटून ९६ पैकी ६० लहरी अचानक गायब झाल्या, तर उरलेल्या ३६वर सगळी ताकद येऊन पडते. तिथे ॲम्प्लिफायरला सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्याही आत हात आवरावा लागतो.

पण माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टचा जीव यातल्या कशातच नाही. तो घाटातल्या एका चेंबरमध्ये आहे.

कुंभार्ली घाटातून जाणारा आमचा एक टप्पा होता. जोडणीच्या दिवशी लॉस १९ डीबी, जुळवणी आपोआप. जूनमध्ये पाऊस लागला. दर आठवड्याच्या अहवालात लिंक चालू, अलार्म शून्य. त्या अहवालांवर माझी सही असायची. ऑगस्टच्या शेवटी एका रात्री दीड वाजता अख्खी लिंक गेली. जेसीबी नाही, दरड नाही, केबल कुठेही तुटलेली नाही. मागची नोंद काढून बघितली तर अंगावर काटा आला. अकरा आठवड्यांत टप्प्याचा लॉस १९ वरून २६ वर गेला होता. दर आठवड्याला अर्धा, पाऊण डीबी. ॲम्प्लिफायरने प्रत्येक वेळी तेवढा गेन वाढवून बाहेरची ताकद बरोबर राखली होती. ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत त्याने सगळं झाकलं, आणि मर्यादा संपली त्या रात्री सगळं एकदम उघडं पडलं.

ओटीडीआर लावला, म्हणजे तंतूत कुठे किती प्रकाश गळतोय ते दाखवणारं यंत्र. १५५० नॅनोमीटरवर एका जॉइंटपाशी मोठी पायरी दिसत होती, १३१० वर तिथेच अगदी छोटी. ही वाकण्याची खूण. वाकलेली फायबर लांब लहर जास्त सांडते. जॉइंट खराब असता तर दोन्हीकडे जवळपास सारखं दिसलं असतं. सकाळी पावसातच चेंबर उघडलं. उताराची माती पाण्याने हळूहळू खाली सरकत होती आणि केबलला ओढत होती. जॉइंटच्या डब्यात आम्ही पुरणपोळीएवढं मोकळं वेटोळं ठेवलेलं असतं. ते आवळत आवळत सुपारीएवढं झालं होतं. फायबर तुटलेली नव्हती. बोटाने वेटोळं सैल केलं, आणि ऑर्डर वायरवर पलीकडचा माणूस ओरडला, “आली, मॅडम, आली!”

ताकद टिकली होती, पण सिग्नल टिकला नव्हता, हे इथे समजून घ्या. ॲम्प्लिफायर सिग्नल वाढवतो तेव्हा स्वतःची खरखरही मिसळतो. त्याच्या तोंडाशी येणारा सिग्नल जितके डीबी खाली जाईल, तितकंच त्या टप्प्यावरचं सिग्नल आणि खरखरीचं प्रमाण बिघडतं. बाहेरची ताकद कितीही बरोबर दाखवली तरी हे भरून येत नाही. लांबच्या माणसाचं बोलणं फोनचा आवाज चढवून ऐकावं, तसं: बोलणं मोठं होतं आणि खरखरही मोठी होते. शेवटच्या टोकाला चुका दुरुस्त करणारं गणित असतं, तेही आपल्या परीने झाकतं. दुरुस्तीनंतरच्या चुका शून्य दिसत राहतात आणि दुरुस्तीआधीच्या चुका आठवड्यागणिक चढत जातात. त्या कोणी बघितल्या नाहीत. मीही नाही.

म्हणून तुमच्या प्रोजेक्टमध्ये गेन लावण्याच्या गणिताशेजारी हे जोडा: जोडणीच्या दिवशीचा लॉस कायमचा जपून ठेवायचा, आजचा लॉस त्याच्याशी ताडायचा, आणि फरक २ डीबीच्या वर गेला की लिंक ठणठणीत चालू असतानाच ओरडायचं. दुरुस्तीआधीच्या चुकांचा चढही त्यात घ्या. आकडा दोनच का, तीन का नाही, यावर सरांशी वाद घाला. मी माझ्या मार्गांवर दोन ठेवला होता, घाटात दीड. आपोआप जुळणारं यंत्र करताना आपण त्याला किती झाकू द्यायचं, हे तुम्ही चौघांनी ठरवायचं आहे. तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : मी बार्शी भागात घरोघरी फायबर जोडणी आणि तक्रारींचं काम करतो. परवा एका घरी बॉक्सच्या पानावर मिळणारा प्रकाश उणे २६.८ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेतलं माप) दिसत होता. पण पॉन हिरवा होता, स्पीडही येत होता. वरून सांगतात, हिरवा आहे ना, सिस्टीम ॲडजस्ट करते, तक्रार बंद कर. मॅडम, मी काय करायचं?
— फायबर टेक्निशियन

दादा, तुम्हाला हा आकडा खटकला, याचा मला फार आनंद झाला. हिरवा दिवा एवढंच सांगतो की या क्षणी चाललंय. किती काठावर चाललंय, ते तो सांगत नाही.

हिशेब कागदावर मांडा. एक्सचेंजमधून प्रकाश निघतो साधारण अधिक ३ डीबीएमने. १:३२ चा स्प्लिटर १७ डीबी घेतो. समजा ८ किलोमीटर फायबर आहे, तिचे २. जॉइंट आणि कनेक्टरचे आणखी २. म्हणजे घरी उणे १८च्या आसपास यायला हवं. तुमच्याकडे उणे २६.८ आहे. जवळपास ९ डीबी वाटेत कुठेतरी गळतायत, म्हणजे पोचायला हवा त्याचा आठवा हिस्साच प्रकाश पोचतोय. या बॉक्सची ऐकण्याची हद्द उणे २७ आहे. पॉइंट दोनची शिल्लक राहिली. कोणी कपाट जरा मागे ढकललं तरी कनेक्शन गेलं. रेंजिंगने वेळ जुळते, हरवलेला प्रकाश परत येत नाही. अंतर आपोआप जुळतं म्हणून सगळंच आपोआप जुळतं, हा समज तुमच्या वरच्यांनाही नीट समजावून सांगायला हवा.

आधी घरातलं बघा. हिरव्या कनेक्टरचं तोंड कोरड्या क्लीनरने पुसा. शर्टाच्या टोकाने नाही आणि फुंकर तर कधीच नाही. तोंडाची वाफ काचेवर बसते. परत मोजा. मग वायरीच्या मागे मागे जा. माझ्या अनुभवात आपल्याकडे सगळ्यात जास्त फायबर मारली जाते ती सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत. वायर खिडकीच्या पट्टीतून आत घेतलेली असते, कोणी रात्री डास येतात म्हणून खिडकी पूर्ण ओढतं आणि काच फायबरवर बसते. त्याखालोखाल खिळ्याची क्लिप जोरात ठोकलेली आणि केबल-टाय करकचून आवळलेला. लाल लाईटचा पेन लावा आणि खोलीतला दिवा घालवा. जिथे वायरीच्या अंगातून लाल उजेड झिरपताना दिसेल, तिथे वाक आहे. जुन्या जातीच्या फायबरला ३ सेंटिमीटरहून कमी त्रिज्येचं वळण देऊ नये. घरात वापरायची नवी जात एक सेंटिमीटरपर्यंत सोसते. पण पॅकेटवर जात वाचल्याशिवाय तसं धरून चालू नका.

घरात काही सापडलं नाही तर स्प्लिटरच्या पेटीशी जा आणि तिथे त्याच पोर्टवर मोजा. तिथे उणे १७-१८ असेल तर दोष पेटी आणि घर यांच्या मधल्या वायरीत. तिथेही उणे २६ असेल तर त्या पेटीवरची बाकीची घरंही विचारा. त्यांचंही असंच असेल, तर काम मुख्य केबलवाल्यांचं आहे. आणखी एक करता येईल. एक्सचेंजच्या माणसाला विचारा की या बॉक्सचा प्रकाश त्यांच्याकडे किती पोचतो. जाणारा प्रकाश १३१० चा आहे, येणारा १४९० चा. येण्याच्या वाटेवर जास्त गळत असेल आणि जाण्याच्या वाटेवर कमी, तर वाक शोधा. दोन्हीकडे सारखंच गळत असेल तर घाण किंवा जॉइंट शोधा. घाटात आम्ही ओटीडीआरने जे बघितलं, तेच हे, मीटर न लावता.

तक्रार बंद करण्याबद्दल : वरच्या माणसाशी भांडून तुमची नोकरी धोक्यात घालू नका. तक्रार बंद करताना शेऱ्यात आकडा लिहा: ‘पॉन हिरवा, पण मिळणारी ताकद उणे २६.८, हद्द उणे २७.’ हा शेरा तुमच्या नावावर राहील आणि पुढच्या तक्रारीला कामाला येईल. आणि आजपासून प्रत्येक नव्या जोडणीला बॉक्सच्या पाठीवर पांढरी पट्टी लावून तारीख आणि आकडा लिहा. आमच्या रजिस्टरचं काम ती पट्टी करेल. दोन वर्षांनी तिथे तुम्ही नसाल, दुसराच कोणी मुलगा जाईल, तेव्हा त्याला आजचा आकडा लागेल.

त्या घरी परत जाल तेव्हा खिडकी आधी बघा. पुसण्याआधीचा आणि नंतरचा आकडा मला कळवा, पुढच्या अंकात छापते.